एकतर्फी प्रेम नव्हे, एकतर्फी निकाल

नववीचा उर्दूचा तास होता. फळ्यावर पाच शब्द लिहिले आणि वाक्यात उपयोग करायला सांगितला. त्यात एक शब्द होता 'बेवफा'. मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभं राहून वाक्य वाचलं, "वो मेरी तरफ देखती भी नहीं, वो बेवफा है." वर्ग हसला. मुलींच्या रांगेत दोघीतिघींनी माना खाली घातल्या. मी त्याला विचारलं, "तिने तुला काही वचन दिलं होतं?" तो म्हणाला, "नाही सर." "कधी बोललीये तुझ्याशी?" "नाही सर." "मग बेवफा कशी?" तो जरा गोंधळला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, पिक्चरमध्ये असंच म्हणतात ना."

व्याकरणाच्या हिशेबाने वाक्य बरोबर होतं. लिंग, वचन, क्रियापद, सगळं जागेवर. मला गुण द्यावे लागले. चूक होती ती अर्थात, आणि ती त्याची एकट्याची नव्हती.

वफा म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणं. ज्याने शब्द दिला आणि मोडला तो बेवफा. जिने शब्दच दिला नाही, ती बेवफा होऊच शकत नाही. तुम्ही माझ्याकडून पैसे घेतलेच नसतील तर मी तुम्हाला कर्जबुडवे म्हणू शकतो का? आमच्या हिंदी सिनेमाने गेली तीस-चाळीस वर्षं नेमकं हेच केलं. उर्दू शायरीच्या दुकानातून इश्क, जुनून, दीवाना, वफा, बेवफा असे शब्द उचलले, त्यांच्या आतला मजकूर रस्त्यात सांडला आणि रिकामे डबे आमच्या पोरांच्या हातात दिले. उर्दूचा शिक्षक म्हणून ही माझी पहिली तक्रार आहे. दुसरी तक्रार मुलींच्या रांगेकडे पाहून आहे, ती पुढे येईलच.

कुणी लगेच म्हणेल, मौलवी लोकांसारखं सिनेमाला झोडपायला निघाले. तसं नाही. मी नाशिकचा आहे. दादासाहेब फाळके १८७० साली आमच्याच त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ साली नाशिकातच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे शाळेच्या सहली मी स्वतः नेल्या आहेत. आमच्याच जिल्ह्यातलं मालेगाव घ्या. शुक्रवारी यंत्रमाग बंद, नमाज झाली की कामगारांची पावलं थिएटरकडे. त्या शहराने 'मालेगाव के शोले' काढला, आणि सिनेमाच्या त्या वेडावर पुढे मुंबईकरांनी सिनेमे काढले. सिनेमा आमच्या रक्तात आहे, म्हणूनच रक्ताची तपासणी करायला हवी.

मी 'डर' पाहिला तो व्हिडिओवर, मामूंच्या घरी, दहाबारा जण दाटीवाटीने बसून. यश चोप्रांचा हा सिनेमा १९९३ च्या डिसेंबरमध्ये आला. किरण नावाच्या मुलीवर राहुलचं 'प्रेम' आहे. तिला तो नीट माहीतही नाही. तिचं सुनीलवर प्रेम आहे, त्याच्याशी लग्न होतं. राहुल फोन करतो, होळीला वेष बदलून घरात शिरतो, छातीवर चाकूने तिचं नाव कोरतो. कथा सांगायची तर ही एका घाबरलेल्या बाईची कथा आहे, नावच मुळी 'डर' आहे. पण त्या खोलीतल्या आम्हा पोरांपैकी किती जणांना किरणची भीती वाटली? एकालाही नाही. सगळ्यांना राहुलची कीव आली. दुसऱ्या दिवशी गल्लीत पोरं अडखळत तिचं नाव घेत फिरत होती. नायक सनी देओल होता, शेवटी जिंकतो तोच. पण प्रेक्षकांची सहानुभूती खलनायक घेऊन गेला, याची नाराजी पुढे खुद्द सनी देओलने बोलून दाखवली.

असं का झालं? शाहरुख खान चांगला नट आहे म्हणून, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं उत्तर कॅमेरा कुठे उभा आहे त्यात आहे. अशा सिनेमात कॅमेरा बहुतेक वेळ त्या मुलासोबत कोपऱ्यावर उभा असतो. मुलगी खिडकीत येते, केस वाळवते, रिक्षात बसते, आपण बाहेरून पाहतो. तिच्या खोलीच्या आतून त्या कोपऱ्याकडे पाहिलं तर काय दिसतं, हे दाखवत नाहीत. कोपऱ्यावर गाणं वाजतं. खोलीत काय वाजतं? पोटात गोळा येतो त्याला पार्श्वसंगीत नसतं. खलनायकाला शेवटी मारलं की नीती सांभाळली, असं निर्मात्याला वाटतं. पण अडीच तास ज्याच्या डोळ्यांनी पाहिलं त्याला शेवटच्या पाच मिनिटांत परका कसा करणार? काही महिन्यांनी 'अंजाम' आला. त्यात तर हाच नट एका विवाहित बाईचा संसार उद्ध्वस्त करतो, नवऱ्याला मारतो. त्या कामाला खलनायकाचा फिल्मफेअर मिळाला. निदान तिथे नाव तरी खरं दिलं.

२००३ साली 'तेरे नाम' आला. शिकवण्याची माझी सुरुवातीची वर्षं होती ती. मधोमध भांग, दोन्ही बाजूंनी कपाळावर उतरलेले लांब केस. एका महिन्यात अर्धा वर्ग तसा झाला. मुख्याध्यापकांनी न्हाव्याला शाळेत बोलावण्याची धमकी दिली. सगळा राग केसांवर. त्या सिनेमातला राधे मुलीला उचलून नेतो, धाक घालून तिला आपलं प्रेम ऐकवतो आणि मग ती त्याच्या प्रेमात पडते, याबद्दल स्टाफरूममध्ये एक शब्द निघाला नाही. माझाही नाही. केस कापले की प्रश्न मिटला असं आम्हा सगळ्यांना वाटलं. केस वाढतात पुन्हा, आणि डोक्याच्या आत गेलेलं कापायला कात्री नसते.

आता २०१३ सालाकडे या. हे वर्ष मी विसरू शकत नाही. दिल्लीच्या बलात्कार प्रकरणानंतर वर्मा समितीने अहवाल दिला, फेब्रुवारीत वटहुकूम निघाला, पुढे कायदा झाला आणि भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. मुलीने नको आहे हे स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करणं, संपर्क करणं हा गुन्हा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. (आता भारतीय न्याय संहितेत हे कलम ७८ आहे.) त्याच वर्षी २ मे रोजी वांद्रे टर्मिनसवर दिल्लीहून आलेली एक तरुणी गाडीतून उतरली. नौदलाच्या रुग्णालयात नर्स म्हणून रुजू व्हायला आली होती. शेजारी राहणाऱ्या तरुणाने तिथपर्यंत येऊन तिच्या तोंडावर अॅसिड फेकलं. १ जूनला ती गेली. आणि २१ जूनला 'रांझणा' प्रदर्शित झाला.

बनारसच्या गल्ल्या, धनुषचा कुंदन, सोनम कपूरची झोया. शाळेत असल्यापासून कुंदन झोयाच्या मागे. ती थोबाडीत मारते, तो पुन्हा येतो. ती मारते, तो येतो. थिएटरात लोक थपडा मोजत हसतात. मग तो तिच्यासमोर हाताची नस कापतो. घरी कळतं आणि झोयाला अलीगढला पाठवून देतात. हा प्रसंग सिनेमात एका मिनिटात संपतो आणि दुःख दाखवतात ते कुंदनचं. शहर सोडावं लागलं कुणाला? तिला. स्टेशनवर रडला कोण? तो. पुढे ती ज्याच्यावर प्रेम करते तो मुसलमान नसून शीख आहे हे कुंदन ऐन लग्नात उघड करतो. त्या मुलाला मार बसतो, तो मरतो. तरी अखेरचं स्वगत कुंदनचंच आहे आणि हॉलमध्ये रुमाल निघतात ते त्याच्यासाठी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये निर्मिती कंपनीने या सिनेमाच्या तमिळ आवृत्तीला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने नवा शेवट जोडला. त्यात कुंदन मरत नाही, उठून बसतो. दिग्दर्शक आणि धनुष दोघांनी जाहीर विरोध केला, कलाकृतीशी छेडछाड म्हणून, आणि तो विरोध योग्यच होता. पण मला गंमत वाटली ती ही, की बारा वर्षांनी शेवट बदलायचं सुचलं तेव्हाही वाचवायला तोच सापडला.

आमच्या मोहल्ल्यात त्या सिनेमावर चर्चा झाली नाही असं नाही. झाली, चहाच्या टपरीवर तावातावाने झाली. विषय होता, नायिका मुसलमान आणि नायक हिंदू का दाखवला. कुणी म्हणालं हे मुद्दाम आहे, कुणी म्हणालं कुंदनच्या जागी करीम असता तर सिनेमा जळाला असता. दुसरा मुद्दा खरा आहे, मी तो नाकारत नाही. आज कोपऱ्यावरचा पोरगा मुसलमान आणि मुलगी हिंदू असली की त्या भानगडीला वेगळं नाव मिळतं, मोर्चे निघतात, सगळा मोहल्ला आरोपी होतो. पोरगा त्यांचा असला की ते 'एकतर्फी प्रेम'. आणि मुलगा-मुलगी दोघंही आपलीच असली की ती 'घर की बात'. या तिन्ही नावांत मुलगी कुठे आहे ते मला दाखवा. टपरीवर कुणीही विचारलं नाही की झोया नाही म्हणते आहे, पंधरा वेळा म्हणते आहे, त्याचं काय. आम्हाला तिच्या धर्माची काळजी होती. तिच्या नकाराशी ना त्यांना देणंघेणं होतं, ना आम्हाला.

हा 'एकतर्फी प्रेम' शब्दच जरा उलटून पाहू. मराठी वर्तमानपत्रांत तो इतका रुळला आहे की डोळा अडतच नाही. 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला.' 'एकतर्फी प्रेमातून विद्यार्थिनीचा खून.' त्या 'तून'कडे बघा. विहिरीतून पाणी यावं तसं प्रेमातून कोयता आला. म्हणजे मूळ वस्तू प्रेमच, फक्त ती जरा घसरली. चोरीच्या बातमीत आपण 'एकतर्फी खरेदीतून दागिने लंपास' असं लिहितो का? तिथेही एकाला वस्तू हवी होती आणि दुसऱ्याला द्यायची नव्हती.

मराठीत 'एकतर्फी' या शब्दाचा आणखी एक जुना संसार आहे, कोर्टातला. तरफ म्हणजे बाजू. प्रतिवादी हजर नसला की न्यायाधीश दुसऱ्या बाजूचं न ऐकता निकाल देतात, तो एकतर्फी निकाल. कायदा इतका तरी सभ्य आहे की नंतर येऊन तो निकाल रद्द करा असा अर्ज करता येतो. आमच्या सिनेमात आणि गल्लीत जे चालतं ते हेच आहे. वादी तोच, साक्षीदार त्याचे मित्र, न्यायाधीशही तोच. ती माझी आहे, असा निकाल त्याने तिच्या गैरहजेरीत देऊन टाकलेला असतो. मित्र तिला 'भाभी' म्हणायला लागतात. तिला नोटीसही गेलेली नसते. ती 'नाही' म्हणाली की त्याला तो अर्ज वाटत नाही, कोर्टाचा अवमान वाटतो. मग शिक्षा. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं, आठवडाभर झुंजून ती गेली. आरोपीला २०२२ मध्ये जन्मठेप झाली. बातम्यांत तेव्हाही शब्द होता एकतर्फी प्रेम. मी त्या दिवशी शिक्षक म्हणून विचार करत होतो, कामावर निघालेली ती आमच्याच पेशाची होती.

यावर मला मिळणारं नेहमीचं उत्तर असं, की सर, सिनेमा पाहून कुणी खून करत नाही. मान्य. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेच्या केंद्रात घुसून एका मुलीला जाळलं होतं, तेव्हा 'डर' यायला तीन वर्षं होती. तेव्हा मी लहान होतो, पण घरात आपाच्या परीक्षेची धास्ती अम्मीने घेतली होती ते आठवतं. सिनेमाने हा रोग जन्माला घातला असं मी म्हणतच नाही. पेट्रोल ओतणारे हजारात एक. मला काळजी आहे ती उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांची, जे काहीच पेटवत नाहीत, फक्त उभे राहतात. रोज. कोपऱ्यावर, बस स्टॉपवर, क्लासच्या जिन्याखाली. त्यांना आपण काही वाईट करतोय असं वाटतच नाही, कारण त्यांच्याकडे या उभं राहण्याचं गाणं आहे. ते गाणं त्यांना सिनेमाने दिलं.

दुसरा टोला मला माझ्याच खात्यातून बसतो. एक मित्र म्हणाला, गुरुजी, तुमच्या गझलेत काय वेगळं आहे? माशूक जालिम, माशूक कातिल, आशिक तिच्या गल्लीत चकरा मारतो. खरं आहे. गल्ली गझलेतही आहे. पण गझल नीट वाचली तर कळतं की त्या गल्लीत राज्य कुणाचं आहे. नाकारण्याचा हक्क माशूकचा आहे आणि तो कुणी काढून घेत नाही. आशिकाची इज्जत सोसण्यात आहे, मिळवण्यात नाही. आमच्या औरंगाबादच्या सिराजसारखा अठराव्या शतकातला शायर प्रेमाने थक्क होतो, स्वतःला हरवून बसतो, पण दारावर लाथ मारत नाही. गझलेत तिला कातिल म्हणतात, पण मरतो तो आशिक, तोही शब्दांत. बातमीत मरते ती मुलगी, आणि ते शब्द नसतात. रूपक समजत नाही त्याच्या हातात शायरी देऊ नये, हे मी नववीला शिकवताना पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

आणि आता आमच्या घरची गोष्ट. सहीह बुखारीत आहे, म्हणजे कुणी टपरीवर रचलेली नाही. मदिन्यात बरीरा नावाची एक गुलाम स्त्री होती. हजरत आयशांच्या (र.) मदतीने ती मुक्त झाली. तिचा नवरा मुगीस, तो गुलामच राहिला. मुक्त झालेल्या स्त्रीला गुलाम नवऱ्यासोबत राहायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क होता, बरीराने वेगळं व्हायचं ठरवलं. मुगीसचं तिच्यावर अतोनात प्रेम. तो मदिन्याच्या रस्त्यांवर तिच्या मागे रडत फिरायचा, आसवं दाढीवर ओघळायची. (हेही मागे फिरणंच, ग्रंथाने ते झाकलेलं नाही.) पैगंबरांनी (स.) हे पाहिलं. याचं इतकं प्रेम आणि तिची इतकी नावड, याचं त्यांना नवल वाटलं, तसं ते आपले चुलते अब्बास (र.) यांच्याशी बोलले. मग बरीराला म्हणाले, परत गेलीस तर? बरीराने काय केलं? तिने आधी विचारून घेतलं, की हा हुकूम आहे का. नाही, मी फक्त शिफारस करतोय, असं उत्तर आलं. मग बरीरा म्हणाली, मला त्याची गरज नाही.

विषय संपला. साक्षात पैगंबरांनी रदबदली केली, कालपर्यंत गुलाम असलेल्या एका बाईने नकार दिला, आणि कुणी तिला बेवफा म्हटलं नाही, पाषाणहृदयी म्हटलं नाही, मुगीसच्या आसवांचं बिल तिच्या नावावर फाडलं नाही. जुम्म्याच्या खुतब्यांत मी सिनेमा हराम असल्याचं शंभर वेळा ऐकलं आहे. बरीराचा हा नकार पोरांना समजावून सांगितलेला मी एकदाही ऐकला नाही. निकाहच्या वेळी वकील आणि दोन साक्षीदार मुलीकडे जातात, विचारतात. ती गप्प राहिली की तिची गप्पगिरी म्हणजे होकार, असं आमचे बुजुर्ग ताणून ताणून वापरतात. सिनेमावाले तिच्या 'नाही'चा होकार करतात. दोघांचं जमतं कसं ते पाहा.

एकतर्फी प्रेमावर सिनेमा काढूच नये, बंदी घाला, असं कुणी माझ्या तोंडी घालू नका. असं प्रेम होतं माणसाला, त्यात लाज नाही. 'डर'नंतर दोनच महिन्यांनी कुंदन शाहांचा 'कभी हां कभी ना' आला होता, नट तोच, गाव गोव्यातलं. सुनीलचं अॅनावर प्रेम, अॅनाचं क्रिसवर. सुनील खोटं बोलतो, दोघांत भांडण लावतो, पण सिनेमा त्याला पकडतो, सगळ्यांसमोर उघडा पाडतो, आणि शेवटी तो हरतो. हरून माणूस होतो. दोन्ही सिनेमे समोर होते, आम्ही 'डर'ची नक्कल केली. हरणाऱ्याची नक्कल कोण करणार!

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' महाराष्ट्रात लागला तो १४ फेब्रुवारी २०१४ ला, तारीख मुद्दाम निवडली असणार. जब्याचं शालूवर प्रेम आहे आणि संपूर्ण सिनेमात तो तिच्याशी धड बोलतही नाही. काळी चिमणी पकडून जाळायची, तिची राख मुलीवर टाकली की ती वश होते, असं त्याला कुणी सांगितलंय, म्हणून तो रानात चिमणीमागे. मला ती राखही खटकते, वश करणं म्हणजे विचारणं नव्हे. पण मंजुळेंनी शालूला बेवफा केलेलं नाही. शेवटी गावासमोर डुक्कर पकडायची वेळ येते, शाळासोबती हसतात, शालूही तिथेच आहे. जब्याचा अपमान टोकाला जातो आणि तो दगड उचलतो. तो दगड शालूवर जात नाही. जातीवरून खिदळणाऱ्यावर जातो, आणि पडद्यातून आपल्यावर. आपल्याला कुणी नाडलं आहे हे त्या पोराला बरोबर कळलं. मुंबईचे मोठाले नायक पन्नास वर्षांत इतका नेम शिकले नाहीत.

आणखी एक राहिलंच. आमच्या सिनेमात खरं एकतर्फी प्रेम करतात बायका. 'देवदास'मधली चंद्रमुखी. 'मुकद्दर का सिकंदर'मधली जोहराबाई. सिकंदर मेमसाबसाठी झुरतो, आणि जोहरा सिकंदरसाठी. जोहरा सिकंदरवर चाकू काढत नाही, स्वतः विष घेते. तिच्या प्रेमावर कुणी सिनेमाचं नाव ठेवत नाही. कोठ्यावरची म्हणून तिचा नकार, होकार, प्रेम, सगळंच स्वस्त.

हे सगळं लिहिणारा मी कोण? मीही उभा राहिलो आहे. अकरावी-बारावीत, सायकल घेऊन, द्वारका चौकातून एक मुलगी बस पकडायची. दीड वर्ष. कधी बोललो नाही, छेड काढली नाही, शिट्टी मारली नाही. स्वतःला फार शरीफ आशिक समजायचो, वहीत शेर लिहायचो. एक दिवस ती दिसायची बंद झाली. मी आठवडाभर जेवलो नाही, मित्रांनी सिनेमातल्यासारखं खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं. बऱ्याच वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर, आपा बोलता बोलता म्हणाली, "ती तुझ्यामुळे एक स्टॉप मागे चालत जायची. मग तिच्या अब्बांनी तिला बाहेरून परीक्षा द्यायला लावली. तुला माहीत नव्हतं?" मला खरंच माहीत नव्हतं. मी कोपऱ्यावर होतो, खोलीत नव्हतो. आपाने ते इतक्या सहज सांगितलं की जणू पावसामुळे बस बदलावी लागली होती.

म्हणून गेल्या वर्षीची गोष्ट सांगून थांबतो. दहावीची मुलगी, हुशार. मराठीत माझ्या वर्गात पहिली, निबंध असा लिहायची की मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवायचो. शाळेच्या वळणावर एक पोरगा उभा राहायला लागला. मोबाइलवर गाणं लावायचा, ती दिसली की आवाज वाढवायचा. तिने मला येऊन सांगितलं. मी काय केलं? मी तिला म्हणालो, "बेटा, काही दिवस मागच्या गेटने जा." एक स्टॉप मागे चालत जा, हेच मी तिला सांगितलं, फक्त शब्द वेगळे. त्या पोराकडे मी गेलो नाही. पोलिसांच्या पथकाचा नंबर नोटीस बोर्डवर होता, तोही लावला नाही. शाळेचं नाव, मोहल्ल्याचं नाव, मुलीचं नाव, तीन नावांचा विचार केला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची अम्मी दाखला न्यायला आली. मी म्हणालो, "खाला, चार महिन्यांवर बोर्ड आहे." त्या म्हणाल्या, "सर, लडकी जात है, किस किस से लडते फिरेंगे." क्लार्कने रजिस्टर उघडलं, दाखला भरायला घेतला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. त्याने लिहिलं, 'पालकांची विनंती'. खालांनी दाखला ओढणीत गुंडाळला आणि मुख्य गेटने बाहेर पडल्या. वळणावर तो पोरगा होताच, गाणं चालू होतं.